पोपटीतला बाप आणि डब्यातला बाप

उरणात ज्या घरी रोजचा स्वयंपाक बाप करतो, ते घर ओळखायला आत जावं लागत नाही. सकाळी साडेसहाला खिडकीतून कुकरच्या शिट्ट्यांबरोबर त्या मोजल्याचाही आवाज येतो. आईने लावलेल्या कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजत नाही. त्या तिच्या कानात आपोआप जमा होत असतात. बापाच्या कुकरला मात्र अख्खं घर साक्षीला लागतं. "ही तिसरी की चौथी?" हा प्रश्न न्हाणीघरात साबण लावलेल्या मुलालाही विचारला जातो. त्याने "चौथी" म्हटलं तरी बाप सुरक्षेसाठी आणखी एक होऊ देतो आणि तुरीच्या डाळीचं पाणी होतं.

हा बाप म्हणजे कुणी एक माणूस नाही. तो करंज्यात असतो, मोऱ्याला असतो, चाणजे, नवघर, जसखार, बोकडविऱ्यात असतो आणि द्रोणागिरी नोडच्या नव्या इमारतीत सातव्या मजल्यावरही असतो. तो आगरी असतो, कोळी असतो, कराडी असतो, नाहीतर नोकरीपायी घाटावरून येऊन इथल्या खाऱ्या हवेला सरावलेला असतो. हौसेने स्वयंपाकघरात शिरलेले थोडे. बहुतेकांना वेळापत्रकाने आत ढकललेलं आहे. न्हावा-शेवाचं बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं, आणि बंदराला रविवार नसतो. जहाज धक्क्याला लागलं की ते रिकामं व्हायला हवं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की दुपारचे. त्यामुळे तालुक्यातले कित्येक बाप पाळीतून सुटून अशा वेळी घरी पोचतात, जेव्हा मुलं शाळेला निघायची असतात आणि घरात कुणीतरी पोहे भिजवायला हवे असतात.

दुसरा धक्का रेल्वेने दिला. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपरच्या पुढची गाडी उरणपर्यंत आली. त्याच दिवशी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूही खुला झाला, जवळजवळ २२ किलोमीटरचा. बेलापूर, नेरूळ, वाशीच्या कचेऱ्या उरणच्या बायकांना हाताशी आल्या. मुंबई जवळ आली, सगळं जवळ आलं. फक्त गवार मोडायला लागणारा वेळ होता तेवढाच राहिला. तो कुणी द्यायचा, हे गाडी सुटायच्या आधी ठरवावं लागतं. रात्रपाळी करून आलेला माणूस चप्पल काढत असताना घरातली बाई चप्पल घालत असते. दारातल्या त्या अर्ध्या मिनिटात सत्तांतर होतं. "कणीक मळलीय, भाजी चिरलीय, फोडणी तेवढी द्या," एवढाच शपथविधी.

ज्यांचा बाप ओएनजीसीच्या समुद्रातल्या फलाटावर असतो, त्या घरांची गंमत वेगळी. तिथे चौदा दिवस काम आणि चौदा दिवस सुट्टी असा रिवाज. त्यामुळे घरात दोन राजवटी आळीपाळीने नांदतात. आलेल्या दिवशी बाप झोपतो. दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडून एकेक वाटी नाकाशी नेत "हे कधीचं?" असं विचारतो. तिसऱ्या दिवशी फडताळातले सगळे डबे खाली उतरवून पुसतो आणि त्यांवर चिठ्ठ्या डकवतो: हरभरा डाळ, मूग डाळ, मसूर. दहाव्या दिवसापर्यंत त्याने हळद मिठाशेजारून उचलून चहा-साखरेच्या फळीवर नेलेली असते, कारण तिथे ‘लॉजिक’ असतं. पंधराव्या दिवशी जुहूहून हेलिकॉप्टर त्याला घेऊन उडतं आणि त्याची बायको पुढचे दोन आठवडे हळद शोधत बसते.

या तालुक्याचा गॅसशी असलेला संबंधही ऐकण्यासारखा. १९७४ साली मुंबई हायला तेल सापडलं. तिथलं तेल आणि वायू समुद्राच्या तळातल्या नळांतून उरणला येतो आणि इथल्या प्रकल्पात त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढला जातो. देशाच्या चुली पेटवणारं गाव हे. तरीही पुरणाची डाळ अर्धी शिजलेली असताना सिलिंडर संपायचं ते उरणच्याच घरात संपतं, आणि दिवसभर हाच वायू हाताळून आलेला तज्ज्ञ बाप सिलिंडर आडवं करून हलवत "आहे, आहे, अजून आहे" असं सांगत राहतो.

पुरुषाने रांधणं आपल्याकडे नवं नाही, असं हा बाप पाहुण्यांना आवर्जून सांगतो. नळराजा होता, भीम होता. खरंच होते. पण बारकाईने पाहिलं तर दोघेही वेष पालटून रांधत होते. नळ बाहुक होऊन ऋतुपर्णाच्या पदरी राहिला. भीम बल्लव होऊन विराटाच्या मुदपाकखान्यात. ओळख पटली तशी दोघांनी पळी ठेवली. छापील पुस्तकांचं पाहावं तर रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघालं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांत ते मोजलं जातं. म्हणजे पुरुषाने शास्त्र सांगून ठेवलं. पुढे १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’मध्ये एक हजार पाकक्रिया दिल्या आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. उरणच्या बापाकडे यांतली शेवटची असते, सासूबाईंनी बायकोला दिलेली, हळदीचे डाग पडलेली. तो ती उघडत नाही. तो व्हिडिओ बघतो, दीडपट वेगाने, त्यामुळे कांदा परतायचा वेळही त्याला दीडपट कमी वाटतो.

आकडेही त्याच्या बाजूचे नाहीत. २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामात दिवसभरात काही ना काही हातभार लावणारे पुरुष निघाले २६.१ टक्के आणि बायका ८१.२ टक्के. हात लावणाऱ्या पुरुषाची त्यात सरासरी ९७ मिनिटं जात होती, बाईची २९९. "जिरं कुठाय?" असं विचारण्यात आणि ते सांगायला दुसऱ्या कुणीतरी उठून येण्यात गेलेली मिनिटं कोणाच्या खात्यात धरली, याचा खुलासा सर्वेक्षणात नाही.

त्या २६ टक्क्यांचीही दोन खाती पाडायला हवीत. एक पोपटीतला, म्हणजे थंडीत शेतावर मडक्यात शेंगा-कोंबडी भाजणारा पुरुष आणि दुसरा डब्यातला पुरुष. पहिला वर्षातून चार वेळा, उघड्यावर, मित्रांच्या घोळक्यात, जाळासमोर रांधतो आणि त्याचे फोटो निघतात. दुसरा सोमवारी सकाळी दुधी कापतो. रायगड जिल्ह्यात पहिल्याची टंचाई कधीच नव्हती. दुसरा कसा तयार होतो, हे पाहायचं तर त्याच्याबरोबर एक वर्ष काढावं लागेल.

वर्षाची सुरुवात मे महिन्यात, आगोटीने. पावसाळ्याआधी चार महिन्यांचं सामान भरून ठेवायचा हा सोहळा. बेडगी रंगाला, लवंगी झणक्याला, संकेश्वरी दोन्हींच्या मध्ये. शिवाय धने, खसखस, दगडफूल, नाकेशर, हळकुंडं. मिरच्या गच्चीवर वाळत पडतात आणि बाप पहिल्या वर्षी डिजिटल वजनकाटा आणतो. आजी मूठ भरते, तो ती काट्यावर ओतून "एकशे बारा ग्रॅम" असं वहीत टिपतो. आजी दुसरी मूठ भरते, ती एकशे सत्तावीस भरते. "आये, एक काहीतरी ठरव!" "मिरची किती तिखट हाय त्यावर मूठ," आजी म्हणते आणि काट्याकडे पाहतही नाही. मसाला डंकावर कुटायला नेतात तेव्हा बाप सोबत जातो, तिथे अर्धा तास शिंकतो आणि घरी येऊन अख्ख्या मसाल्याचं श्रेय घेतो.

सुक्या मासळीची खरेदी त्याहून नाजूक. करंज्याला, मोऱ्याला वलांडीवर वाळलेले बोंबील, सुकट, वाकट्या, मांदेली, आणि राणीसरकार म्हणजे सोडे. सोड्याचा भाव ऐकून बाप पाव किलोवर येतो आणि घरी ते कुठे ठेवावेत याचा खल करतो. दागिन्यांचा डबा हा एक गंभीर पर्याय असतो. नव्या इमारतीत मात्र प्रश्न वेगळा. बोंबील तव्यावर पडला की वास लिफ्टने आठही मजले फिरून येतो. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी "काही जळतंय का?" असं विचारतं. खालच्या मजल्यावरची जुनी उरणकरीण तेवढ्यात लिहून जाते, "जळत नाही, भाजतंय. तांदळाची भाकरी आहे का जोडीला?"

१ जूनला समुद्र बंद. ३१ जुलैपर्यंत यांत्रिकी होड्यांना मासेमारीची मनाई, कारण तो मासळीच्या विणीचा काळ आणि दर्याही खवळलेला. बाजारातल्या पाट्या ओस पडतात आणि बापाच्या लक्षात येतं की आपल्याला येणाऱ्या सात पदार्थांपैकी पाच माशांचे आहेत. इथे त्याला जमीन मदतीला येते. पहिल्या सरींबरोबर पनवेल-उरणच्या बाजारात कातकरी, ठाकर बायका टोपल्या घेऊन बसतात: टाकळा, कुर्डू, भारंगी आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर पाय देऊन शेवळं. शेवळांचा मोसम जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि जुड्या महाग. विकणारी बाई सोबत हिरवी काकडं देते, ती आंबट फळं शेवळाची खाज मारतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट साफ केलं नाही, आतला पिवळा भाग काढला नाही, आंबट घातलं नाही की ते थेट घशात रुततात.

व्हिडिओत काकडं नव्हती. म्हणून बापाने ती ओट्यावरच ठेवली, "ही कसली चटणीची असतील." शेवळात कोलंबीचे सोडे पडले, वास असा सुटला की शेजारच्यांनी दार उघडं ठेवलं. पहिल्या घासाला सगळे "वा" म्हणाले. तिसऱ्या घासाला कुणीच काही म्हणालं नाही, कारण म्हणता येईना. आजी एकटी शांत होती. तिने ओट्यावरची काकडं पाहिली होती आणि भाताबरोबर ताक घेतलं होतं. त्या रात्री घरात चिंचेचं पाणी, कोकम आणि लिंबू यांच्यावर पहारा बसला आणि दुसऱ्या दिवशी बापाने चिठ्ठ्या डकवायच्या यादीत ‘काकडं (टाळू नयेत)’ अशी नोंद घातली.

खाडीला मात्र बंदी कळत नाही. पहिल्या पावसात शेतातून पाणी वाहू लागलं की वलगणीचे मासे चढतात आणि पोरं टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन बांधावर धावतात. चिखलात निवट्या तर बारमाही. निवटी पाण्याबाहेरही बराच वेळ जगते, ओल्या कातडीतून श्वास घेते, आणि बुळबुळीत इतकी की राख चोळल्याशिवाय हातात राहत नाही. सातव्या मजल्यावर राख आणायची कुठून? बाप मिठावर भागवायला जातो. सिंकमधल्या निवट्यांपैकी एक मिक्सरच्या मागे जाते, एक फ्रिजखाली. घरातली धाकटी मुलगी स्टुलावर चढून मोजणी जाहीर करते: "पप्पा, नऊ आणल्या होत्या. कढईत सात आहेत." आठवी संध्याकाळी सापडते. नववीबद्दल घरात आजही दोन मतं आहेत.

आषाढी अमावास्येला गटारी, म्हणजे पोपटीतल्या पुरुषाचा पावसाळी अवतार. मटणाच्या दुकानापुढे सकाळी सहाला रांग लागते आणि रांगेत एकजात बाप उभे असतात. "मांडीचं द्या, थोडी कलेजी टाका," हे वाक्य त्या रांगेत इतक्या अधिकाराने उच्चारलं जातं की ऐकणाऱ्याला वाटावं, ही माणसं रोज घरी रांधत असतील. त्या दिवशी उरणात कुणाचाही नवरा सुगरण असतो.

आणि मग श्रावण लागतो.

काही घरं पुरा महिना पाळतात, काही सोमवार-शनिवार. पण वेळेची गंमत अशी की १ ऑगस्टला होड्या समुद्रात जातात आणि तेव्हा श्रावण चालू तरी असतो, नाहीतर तोंडावर आलेला असतो. दोन महिने सरकारने अडवलेला बाप आता पंचांगाने अडवला जातो. करंज्याच्या धक्क्यावर पापलेट चमकत असतात आणि हा भाजीवाल्यासमोर पडवळ हातात धरून उभा. गटारीच्या रांगेत दिसलेले चेहरे इथे दिसत नाहीत. श्रावणातल्या डब्याला प्रेक्षक नसतात, जाळ नसतो, मित्र नसतात. ‘अगदी तुझ्या हातचं’ म्हणून हात चाटणारा कुणी नसतो. समोर फक्त स्टीलचे दोन कप्पे असतात आणि शाळेची सूचना: कोरडी भाजी, पोळी, पालेभाजी आठवड्यातून दोनदा, वेफर चालणार नाहीत.

सोमवारी त्याने दुधी केला. डबा तसाच आला. मंगळवारी दुधीचं थालीपीठ केलं, तर मुलीने वास घेऊन विचारलं, "हा कालचाच आहे ना?" बुधवारी कंटोली आणली. कंटोली महाग, कापायला सोपी, तव्यावर कुरकुरीत. बाप स्वतःवर खूष झाला आणि बायकोला गाडीत फोटो पाठवला. तिने वाशी येईपर्यंत उत्तर दिलं नाही. मग आलं: "छान. मटकी भिजत घातली का?" गुरुवारी मटकी भिजलेली नव्हती. इथे त्याला रोजच्या स्वयंपाकाचं खरं स्वरूप उमगलं. शुक्रवारचा डबा बुधवारी रात्री सुरू होतो. कडधान्य भिजायला एक रात्र, मोड यायला दुसरी. दही लावायचं ते झोपायच्या आधी आठवायला हवं. गटारीच्या मटणाला अशी आठवण ठेवावी लागत नाही; ते त्याच दिवशी येतं, त्याच दिवशी संपतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याविषयी गप्पा होतात.

डबा उघडून पाहणं हा त्याचा नवा छंद. घरी परत आलेला डबा तो प्रयोगशाळेतल्या माणसाच्या गांभीर्याने तपासतो. पोळी अर्धी, भाजी पूर्ण: मैत्रिणीला दिली असणार. पोळी पूर्ण, भाजी तशीच: सॉस कुणाकडून तरी घेतलेला. दोन्ही पूर्ण: सहल होती का आज? एका श्रावणी शनिवारी मुलगा सांगत आला, "पप्पा, तुमची भाजी ना, सगळ्यांनी खाल्ली." बाप ओट्याला टेकून उभा राहिला. "हो का? कुणाकुणाला आवडली?" "आवडली नाही. पैज लागली होती."

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात दर्याला नारळ वाहतात आणि घरी नारळीभात होतो. त्यामागोमाग गणपती. शेजारच्या पेण तालुक्यातून मूर्ती येते, तिचं मखर बाप दोन रात्रीत उभं करतो आणि त्याच आत्मविश्वासाने उकडीला हात घालतो. उकडीचा मोदक मखराहून अवघड निघतो. मखराला खिळे असतात. आई पाकळ्या पाडत असते, आजी कळीला टोक काढत असते आणि बापाने वळलेले मोदक वाफेत जाताना मोदक असतात, बाहेर येताना सारण आणि उकड असे अलग झालेले असतात. ते तो नैवेद्याच्या ताटात मागच्या रांगेत लावतो. गौरीच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्याची पत वाढते, कारण इथल्या अनेक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, कुठे मटण, कुठे चिंबोऱ्या. चिंबोऱ्या तोडणं हे काम सगळे आनंदाने त्याच्यावर सोपवतात. नांगी कुणाचं बोट धरेल ते सांगता येत नाही.

चिंबोऱ्यांवरून चंद्र आला. उरणच्या जाणत्या खवय्याला विचारलं तर तो सांगेल की अवसेच्या चिंबोऱ्या भरलेल्या, पुनवेच्या पोकळ. बाजारात जाण्यापूर्वी बाप आता तिथी पाहतो. भरतीचा हिशोबही त्याला येतो: तिथीला पाऊणपट करायची. पुनवेला नि अवसेला भरती बाराच्या सुमारास, तिथून रोज अठ्ठेचाळीस मिनिटं पुढे. अष्टमीला पाऊणपट केली की आले सहा. उधाणाला डोल जाळ्यात बोंबील-जवळा जास्त, भांगाला कमी, म्हणून भाव चढा. हे गणित तो मुलाला पाढ्यांऐवजी शिकवतो आणि शाळेतून ‘पाऊणकी’ कुठून आली अशी विचारणा होते.

एवढं ज्ञान घेऊन तो मासळी बाजारात शिरतो आणि पहिल्याच पाटीपाशी विचारतो, "मावशी, ताजं आहे ना?"

हा प्रश्न त्याच्या बायकोने जन्मात विचारलेला नाही. ती कल्ले उचलून लाली पाहते, पोटाला अंगठा लावते, तोंड वाकडं करते आणि चालू लागते. मग मागून भाव खाली येत येत तिच्यामागे धावतो. बापाला मावशी शांतपणे सांगते, "नाय रं दादा, परवाचाच हाय. तुला दाखवाला ठेवलाय." आजूबाजूच्या पाट्यांवर हसू फुटतं. तो ओशाळून वाटा कितीला ते विचारतो, सांगितलेली किंमत देतो आणि वर "साफ करून द्या" म्हणतो. त्याला पाहून तीन पाट्यांवर एकदम भाव चढतात. पण वर्ष सरता सरता तो एक युक्ती शिकतो. तो बायकोला व्हिडिओ कॉल लावतो आणि फोन पाटीवर धरतो. मावशी फोनमधल्या चेहऱ्याकडे पाहते आणि न बोलता वाट्यात दोन बोंबील वाढवते.

दिवाळीचं फार सांगण्यासारखं नाही. चकलीला मोहन जास्त झालं की ती तेलात विरघळते, कमी झालं की दातांना आव्हान देते. बापाच्या हातून दोन्ही झाल्या, एकाच घाण्यात.

पण थंडी पडली, भात कापणी आटोपली, की त्याचं राज्य येतं. भाताच्या रानात उरलेल्या ओलीवर आणि दवावर वाल धरतात आणि शेंगा भरल्या की पोपटीचे बेत ठरतात. मडक्याच्या तळाशी नि कडेने भांबुर्ड्याचा पाला, आत वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्रकन उडून गेलं की झाली. भांबुर्ड्याचा उग्र वास शेंगांत उतरतो आणि त्या वासासाठी मुंबईहून माणसं उरण, पेण, अलिबागला येतात.

पोपटीला शेत लागतं, आणि अडचण तिथेच आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला, जासई-नवघरला गोळीबार झाला, पाच जणांचे जीव गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व पुढे आलं. आज त्या पट्ट्यात भाताऐवजी कंटेनर रचलेले दिसतात. म्हणून आताची पोपटी कधी चिरनेरकडच्या मित्राच्या वावरात लागते, तर कधी नोडमधल्या मोकळ्या प्लॉटवर. शेंगा पेणच्या बाजारातून, पाला मागच्या डोंगरातून, गोवऱ्या मात्र ऑनलाइन. बारा बाप जाळाभोवती उभे राहतात, बाराही जण मडकं कधी काढायचं यावर ठाम असतात आणि बारा वेगवेगळ्या वेळा सांगतात. मडकं फुटतं तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात. कोंबडी उत्तम शिजलेली असते. बायका म्हणतात, "किती छान केलीत!" बाप काजळलेल्या चेहऱ्याने हसतो, कुणीतरी फोटो काढतो आणि पाल्याचा ढीग, शेंगांची टरफलं, राख नि खापऱ्या कुणी उचलायच्या यावर सभा बरखास्त होते.

डब्यातला बाप याच हिवाळ्यात वेगळ्या परीक्षेला बसलेला असतो. त्याचं नाव बिरडं. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. पाव किलो वाल म्हणजे किती दाणे, हे सोलणाऱ्यालाच कळतं. बाप "आज बिरडं" असं जाहीर करतो आणि टीव्हीसमोर घमेलं ठेवून सगळ्या घराला जुंपतो. मुलगा सोलता सोलता अर्धे मोड तोडतो. आजी डोळे मिटूनही त्याच्या तिप्पट सोलते. पाणी घालून ढवळायला जावं तर दाणे फुटतात, म्हणून बाप कढई दोन्ही हातांनी धरून नुसती हलवतो. ताटात वाढल्यावर आजी पहिला घास घेते आणि सगळे तिच्याकडे पाहतात. "मीठ कवरं टाकलंस रं?" ती विचारते. "जास्त झालं?" "नाय. बराबर हाय." पुढे ती काही बोलत नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेते.

शिमगा होतो, मुलांच्या परीक्षा लागतात, आणि चैत्र-वैशाखात हळदींचा हंगाम येतो. आगरी-कोळी हळद म्हणजे पाचशे-हजार पानं, मोठी टोपं, डीजे आणि रात्रभर नाच. वर्षभराच्या लौकिकावर आपला बाप टोपांपाशी जातो. आचारी त्याला वरपासून खालपर्यंत पाहतो आणि कांद्याच्या पोत्याकडे बोट दाखवतो. तिथे आधीच सात बाप बसलेले असतात. एकाने डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा चढवलेला असतो. पोतं संपेपर्यंत आठही जणांची शेवळं, चकली आणि दुधी यांवर चर्चा होते. कुणाच्या मुलीने डबा परत आणला, कुणाच्या मुलाने पैज लावली, मटकीला उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात का, लसूण सोलायला बाटलीत घालून हलवतात ते खरं का. गटारीच्या रांगेत यांतलं एकही वाक्य निघालेलं नसतं. एकजण उठून जाता जाता म्हणतो, "निघतो, उद्याचे चणे भिजवायचेत," आणि त्यावर कुणीही हसत नाही.

शाळेच्या शेवटच्या आठवड्यात बापाने एका सकाळी डबा भरला. फोटो काढला नाही, कारण लक्षातच राहिलं नाही. भांडीही दोनच पडली. वर्षाच्या सुरुवातीला एका पोह्यांना अकरा पडायची. संध्याकाळी डबा परत आला तो रिकामा. त्याने मुलीला विचारलं, "काय गं, आज कशी होती भाजी?"

"कुठली?"

"अगं, डब्यातली."

मुलीने जरा विचार केला. "आठवत नाही, पप्पा."

बाप दुखावला. पहाटे पाचला उठून, नारळ खवून केलेली चवळीची भाजी होती. बायको नुकतीच गाडीवरून येऊन पंख्याखाली बसली होती. ती हसायला लागली, आणि थांबेचना.

"अहो, मी इतकी वर्षं हेच ऐकतेय," ती म्हणाली. "आता जमलं तुम्हाला. चहा टाका."